गॅस, गोबरगॅस, निर्धूर चूल की इंडक्शन: पोरीचा वेळ कशात वाचतो?

घरात शाळेत जाणारी पोरगी असेल तर शेगडी घेताना किमतीच्या आधी एवढंच बघा की सकाळी सहा ते नऊ ती काय करत असते. आमच्या जुन्नरकडच्या वरच्या गावांत सरपण, चूल पेटवणं, काळी भांडी घासणं हे सगळं कोणी न सांगताच पोरीकडे जातं, पोरगा मात्र क्लासला.

वेळ वाचवायला गॅसच एक नंबर, यात वाद नाही. 2016 ला गरीब घरांना गॅस कनेक्शन देणारी उज्ज्वला योजना आली तशा टाक्या वाड्यावस्त्यांवर पोचल्या, पण कनेक्शन मिळणं वेगळं आणि टाकी भरून आणणं वेगळं. 14.2 किलोची टाकी पाच माणसांना महिना-सव्वा महिना पुरते, हातात पैसे नसले की ती पाहुण्यांच्या चहापुरती उरते आणि पोरगी परत मोळीला. 2024 ला राज्याने अन्नपूर्णा योजना काढली, पात्र घरांना वर्षाला 3 सिलिंडर फुकट, पण वर्षाला दहा तरी लागतात ना, मग बाकीच्यांचं काय ते आधी ठरवा. एकदम जमत नसेल तर 5 किलोची टाकी पण मिळते.

गोबरगॅसचं मात्र नीट ऐका. घरगुती 2 घनमीटरच्या प्लँटला रोज साधारण 50 किलो शेण लागतं आणि जवळपास तेवढंच पाणी, म्हणजे गोठ्यात चार-पाच मोठी जनावरं पाहिजेत, एक गाय नि दोन शेळ्या असतील तर विषयच सोडा. प्लँटमधून निघणारी शेणाची पातळ मळी, म्हणजे स्लरी, शेताला झकास, टाकीचा खर्च नाही, थंडीत गॅस जरा कमी येतो ते चालवून घेता येतं. पण शेण कालवणार कोण? सरपण सुटलं आणि पोरीच्या डोक्यावर दोन हंडे वाढले तर काय उपयोग! बाप नाहीतर भाऊ कालवणार असेल तरच घ्या.

निर्धूर चूल स्वस्त, भाकरी मस्त फुगते, धूर धुराड्यातून बाहेर. लाकूड कमी लागतं पण लागतंच, आणि धुराड्यातली काजळी काढली नाही की धूर परत घरात. म्हणजे डोळे वाचले, वेळ फारसा नाही.

इंडक्शन चहा, भात, डाळीला बरी. लाईट गेली की संपलं, बूड सपाट असलेलीच भांडी चालतात, आणि ज्वारी-बाजरीची भाकरी त्यावर? नकोच.

बहिणीची पोरगी दहावीला होती तेव्हा आम्ही सकाळी फक्त गॅस आणि संध्याकाळच्या भाकरी निर्धूर चुलीवर असं लावून दिलं, टाकी जास्त दिवस पुरायला लागली. पहिले पंधरा दिवस तरी गंमतच, वाचलेल्या तासात तिला पाणी भरायला पाठवायचे. मग मेव्हण्यांशी जरा वाजलं, आता पाणी ते मोटारसायकलवर कॅन बांधून आणतात.