जाळीची कुंडी आणि पाणकणीस: दिवाळीपर्यंतचा अनुभव

कुंडीला एक तारा. तोही सक्तीचा आहे म्हणून.

आमचं नेरुळचं रो हाऊस, मागे जेमतेम जागा, तिथे शेततळ्याचा 500 मायक्रॉनचा कागद अंथरून केलेलं छोटं तळं. फेब्रुवारीत त्यात पाणकणीस लावलं, नर्सरीवाल्याच्या आग्रहावरून त्याच्याच महागड्या जाळीच्या कुंडीत. पावसाळाभर सगळं आलबेल होतं, कारण वरून रोज भरतच होतं. ऑक्टोबरच्या उन्हात पाणी उतरायला लागलं. घरच्यांनी निकाल दिला, झाड पितंय. पितं खरं, पुरुषभर उंच पाती म्हटल्यावर पिणारच. पण मी काठाशी भरलेली बादली ठेवून पाहिली. सकाळी बादली अर्धं बोट उतरलेली आणि तळं चांगलं तीन बोटं. म्हणजे गळती. मग भरणं बंद केलं आणि पाणी कुठे थांबतं ते बघत बसले. थांबलं ते बरोबर कुंडीच्या कुशीशी.

कुंडी हलवायला गेले तर हलेना. जाळीच्या प्रत्येक भोकातून मुळं बाहेर, आणि त्यांतलं एक आडवं कांड थेट कागदाच्या घडीत घुसलेलं. त्याच्या टोकाला इतका टणक, टोकदार कोंब असतो की प्लास्टिकच्या कागदाची काय कथा. फोन केला. नर्सरीवाला म्हणाला, "मॅडम, कुंडी फुटली का? नाही ना? झाडाची ग्यारंटी कोण देतं?" कागदवाला म्हणाला, कागद उत्तम आहे, कुंडीवाल्याला विचारा. हा कागद साध्या सोल्यूशनने चिकटत नाही, गरम हवेने वितळवून ठिगळ लावावं लागतं, आणि एका भोकासाठी यायला कोणी तयार होत नाही. जो आला त्याने कुंडीच्या दुपटीहून जास्त पैसे घेतले. तोवर गप्पी मासे पिंपात.

जाळीची कुंडी वाईट नाही, कुमुदिनीला ती चालते. पण जे झाड आडवं पळण्यावरच जगतं, त्याला भोकांची कुंडी देणं म्हणजे चोराला किल्ली देणं, आणि हे विकणाऱ्याला माहीत असायला हवं. मी आता गवंड्यांचं रुंद प्लास्टिकचं घमेलं वापरते. हार्डवेअरच्या दुकानात कुंडीच्या पाव किमतीत मिळतं, भोक एकही नाही. तळाशी दोन विटा घातल्यात, नाहीतर पावसाळी वाऱ्याला उंच झाड घमेल्यासकट आडवं होतं. माती चिकण, काळी. कोकोपीट आणि शेणखत अजिबात नको. एक तरंगतं, दुसऱ्याने पाणी हिरवं होतं. वर खडीचा थर, त्यावर वीतभर पाणी, की झालं. वर्षातून एकदा घमेलं बाहेर काढून अर्धा गड्डा कापून टाकायचा.

खरं तर पाणकणसालाही एकच तारा देणार होते. हार्बर लाइनवर रुळांच्या कडेला जे फुकट उगवतं ते मी पैसे देऊन आणलं, ही बोच वेगळीच. पण गळतीच्या काळात ते बाहेर काढून ठेवलं आणि तळं बघता बघता हिरवंगार शेवाळलं. परत ठेवल्यावर हळूहळू निवळलं. पाण्यातलं खत ते ओढून घेतं. मात्र वाळलेली पाती कापून बाहेर काढली तरच, तिथेच कुजली तर सगळं परत पाण्यात. चतुरही यायला लागलेत. त्यांची पिल्लं पाण्यात डासांच्या अळ्या खातात आणि पंख फुटायच्या वेळी याच पात्यांवर चढून बसतात. डासांची तपासणी करायला येणाऱ्यांना दाखवायला एवढं पुरे. चार तारे.

पाचवा कापला तो कणसांमुळे. पिकली की फुटतात आणि कापूस उडतो, एका कणसात बी लाखांनी. शेजारच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर तो बसला तेव्हा आमचं बोलणं आठवडाभर बंद होतं. तपकिरी झाली की लगेच कापा, शोभेला फुलदाणीत ठेवायची तर केसांचा स्प्रे मारून.

छाटणीचं एक कोणी सांगत नाही. पाती आतून पोकळ, जाळीदार असतात, वाळलेला खुंटसुद्धा मुळांना हवा पोचवतो. खुंट पाण्याखाली गेले की मुळं गुदमरून कुजतात. आपल्याकडे मे महिन्यात पाणी खाली असतं, त्या पातळीवर छाटलं की जूनच्या पहिल्या जोरदार पावसात सगळं बुडतं. त्यामुळे तळं काठोकाठ भरल्यावर पाणी कुठवर येतं ते बघून त्याच्या वर वीतभर राखून छाटा.

कापलेले गड्डे नाल्यात किंवा खाडीकडे फेकू नका, तिथे रुजतात. माझ्याकडे सध्या बरेच फुटवे आहेत, हवे त्यांनी फुकट न्यावेत. घमेलं आपापलं आणा.