बीचवर फुकट ऐकायचं की तिकीट काढून पाइनच्या झाडांखाली? सान सेबास्तियन आणि ज्वां-ले-पँ

जुलैमध्ये युरोपात जायचं ठरलंय, समुद्रही हवाय, जॅझ आणि सोल संगीतही ऐकायचंय, आणि शोधाशोध केली की फिरून फिरून हीच दोन नावं पुढे येतात. एक स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरचं सान सेबास्तियन, तिथला फेस्टिवल जॅझाल्दिया, ज्याचा मोठा भाग सरळ बीचवर आणि फुकट असतो. दुसरं फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचं ज्वां-ले-पँ, तिथे समुद्राच्या अगदी काठाला पाइनच्या झाडांखाली स्टेज लागतं, पण आत बसून ऐकायचं तर तिकीट लागतं. ज्याला विचारावं तो म्हणतो फुकट मिळतंय तर पैसे कशाला घालवायचे, किंवा उलट, एवढ्या लांब जाऊन फुकटातलं काय ऐकायचं. मला दोन्ही पटत नाही. पैशावरून हे ठरवूच नका, तुम्हाला नेमकं काय ऐकायचंय त्यावरून ठरवा, कारण या दोन जागा दोन वेगळ्या प्रकारच्या संगीताला न्याय देतात.

आधी दोघांची ओळख थोडक्यात. जॅझाल्दिया १९६६ पासून चालू आहे, जुलैच्या शेवटच्या पंधरवड्यात चार-पाच दिवस असतो. त्यात फुकट आणि तिकीटवालं दोन्ही आहे, हे लक्षात ठेवा. झुरिओला बीचवरचे आणि शेजारच्या कुरसाल इमारतीच्या गच्च्यांवरचे कार्यक्रम फुकट, आणि जुन्या गावातल्या त्रिनिदाद चौकातले, कुरसालच्या हॉलमधले तिकिटाचे. ज्वां-ले-पँचा फेस्टिवल १९६० पासूनचा. सिडनी बेशे हा अमेरिकन जॅझ वादक शेवटची काही वर्षं फ्रान्समध्येच राहिला, १९५१ मध्ये त्याचं लग्नही याच भागात झालं होतं, १९५९ मध्ये तो गेला आणि पुढच्या वर्षी त्याच्या आठवणीत हा फेस्टिवल सुरू झाला. पहिल्याच वर्षी तिथे बेसवादक चार्ल्स मिंगस वाजवून गेला, १९६१ मध्ये सोल गायक रे चार्ल्स आला, आणि २६ जुलै १९६५ ला सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनने 'अ लव्ह सुप्रीम' ही आपली गाजलेली रचना तिथे पूर्ण वाजवली, जी त्याने स्टेजवर फार क्वचित वाजवली. त्या जागेचा हा इतिहास ज्याच्या मनात घर करून बसलाय त्याला पुढचं काही वाचायची गरज नाही, त्याने ज्वां-ले-पँलाच जावं, मी अडवणार नाही.

बाकीच्यांसाठी मुद्दा आवाजाचा, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण बहुतेक लोक हॉटेल आणि विमानाचं सगळं बघतात आणि हेच बघत नाहीत. हॉलमध्ये भिंती असतात, छत असतं, आवाज त्यावर आपटून परत येतो आणि वाद्याला एक भरीवपणा येतो. बीचवर भिंत नाही, छत नाही, खाली वाळू, आणि वाळू आवाज पिते. स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो. त्यात लाटा. लाटांचा आवाज म्हणजे सगळ्या पट्टीतली एकसारखी सळसळ, आणि ड्रमवर काठ्यांऐवजी तारांचे ब्रश फिरतात तेव्हाचा आवाजही जवळजवळ तसाच असतो, म्हणजे एखादं संथ बॅलड चालू असेल, ड्रमर ब्रशने वाजवतोय, डबल बेसवाला दोन सुरांमध्ये मुद्दाम जागा सोडतोय, तर ती जागा तुमच्यापर्यंत पोचतच नाही, तिथे लाट येऊन बसते. झुरिओला तर सर्फिंगचा बीच आहे, तिथे लाटा येतात म्हणूनच लोक जातात.

वाऱ्याचंही असंच. वारा स्टेजकडून तुमच्याकडे येत असेल तर आवाज जमिनीलगत राहतो आणि लांबवर नीट जातो, वारा तुमच्या पाठीकडून स्टेजकडे जात असेल तर आवाज वर उचलला जातो आणि मागे उभ्या असलेल्यांना मधेच विरल्यासारखा वाटतो, परत येतो, परत विरतो. किनाऱ्यावर दिवसा वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो आणि रात्री उशिरा बऱ्याचदा उलटा फिरतो, म्हणून संध्याकाळी जी जागा चांगली होती ती अकरा वाजता चांगली असेलच असं नाही.

आता याच बीचवर सोल बँड चढवा. इलेक्ट्रिक बेस, किक ड्रम, हॅमंड ऑर्गन, ट्रम्पेट-सॅक्सोफोन वाजवणाऱ्या तीन-चार जणांचा हॉर्न सेक्शन, मागे कोरस. खालचे सूर वाऱ्याने फारसे हलत नाहीत, हॉर्नचे फटकारे लाटांच्या वरून जातात, आणि मुळात सोल चर्चमधल्या गॉस्पेल या भक्तिगीतांमधून आलेलं गाणं आहे, गायक एक ओळ टाकतो आणि समोरचे लोक ती परत करतात, समोर जितके जास्त लोक तितकं ते गाणं मोठं होतं. खुर्चीवर हात बांधून बसलेल्या लोकांसमोर सोल गायिका निम्मी ताकद त्यांना उठवण्यात घालवते. वाळूत आधीच उभ्या असलेल्या, अनवाणी, घरच्यांसोबत आलेल्या, आजीपासून नातवापर्यंतच्या हजारो लोकांसमोर तिला ते करावंच लागत नाही. तिकीट नसल्यामुळे ही गर्दी मिळते. म्हणून माझं स्पष्ट मत, सोल आणि फंक ऐकायला जाताय तर फुकट बीच हा कमी दर्जाचा पर्याय नाहीच, तोच पहिला पर्याय आहे.

आणि शांत जॅझ, पियानो ट्रिओ, एकटा गिटारवाला, असं काही ऐकायचं असेल तर तिकीट काढा. फक्त आवाजामुळे नाही, लोकांमुळे. फुकट कार्यक्रमाला निम्मे लोक संगीतासाठी येतात आणि निम्मे संध्याकाळ घालवायला, ते गप्पा मारणार, फोनवर बोलणार, मुलांना हाका मारणार, आणि त्यांचंही चूक नाही कारण बीच त्यांचाच आहे. तिकीट काढून आलेला माणूस बेस सोलोच्या वेळी गप्प बसतो, एवढा एक फरक शांत संगीतासाठी पुरेसा आहे.

पण तिकीट म्हणजे सगळी सोय असं समजू नका. ज्वां-ले-पँचं स्टेज उघड्यावरच आहे. त्रिनिदाद चौकसुद्धा उघडाच आहे, जुन्या गावात उर्गुल टेकडीच्या पायथ्याशी, आजूबाजूला दगडी भिंती असल्यामुळे आवाज बीचपेक्षा कितीतरी एकवटतो, पण पाऊस आला तर तिकीटवालाही भिजतो. आणि सान सेबास्तियनला पाऊस येतो. बिस्केच्या उपसागरावरचं गाव आहे, जुलैतही अचानक ढग येतात, बारीक रिमझिम चालू होते, रात्री अंगावर काहीतरी घ्यावं लागतं. ज्वां-ले-पँ भूमध्य समुद्रावर, जुलैत कोरडं आणि गरम, रात्रीसुद्धा उबदार. पावसाची धास्ती घेऊन फिरायचं नसेल तर हा मुद्दा फ्रान्सच्या बाजूने जातो, आणि बराच जातो.

भरती-ओहोटीचं कुणी सांगत नाही म्हणून सांगते. भूमध्य समुद्राला भरती नावापुरती, वीतभर. बिस्केच्या किनाऱ्यावर मात्र अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी चारेक मीटर वर-खाली होतं, त्यामुळे झुरिओलावर संध्याकाळी जी ऐसपैस वाळू दिसते ती रात्रीपर्यंत बरीच कमी झालेली असू शकते आणि तेवढेच लोक कमी जागेत येतात. भरतीचं वेळापत्रक नेटवर सहज मिळतं, रोज साधारण पाऊण तास पुढे सरकतं, कार्यक्रमाच्या वेळेशी ताडून बघा. भरती असेल त्या दिवशी लवकर जा, किंवा सरळ कुरसालच्या गच्चीवरचे छोटे कार्यक्रम ऐका, पाय कोरडे राहतात आणि मागे समुद्र आहेच.

बीचवर उभं कुठे राहायचं? सगळे स्टेजच्या पुढ्यात धावतात. तिथे बँड दिसतो पण आवाज चांगला मिळत नाही, कारण मोठे स्पीकर दोन बाजूंना असतात आणि तुम्ही मधल्या पोकळीत. गर्दीच्या मधोमध साऊंडवाल्याचं मिक्सिंगचं टेबल असतं, त्याच्या आसपास राहा. तो माणूस स्वतः जे ऐकतोय त्याप्रमाणे सगळं जुळवत असतो, म्हणजे संपूर्ण बीचवर सगळ्यात बरा आवाज तिथेच असतो. तिकिटाच्या कार्यक्रमात या जागेचे कधीकधी जास्त पैसे लागतात, इथे फक्त वेळेवर पोचावं लागतं. हा फुकट फेस्टिवलचा मला सगळ्यात आवडणारा भाग आहे, चांगली जागा लवकर येणाऱ्याची.

कोणाबरोबर जाताय त्यानेही फरक पडतो. लहान मुलं असतील तर बीच, डोळे झाकून. मूल कंटाळलं, झोपलं, रडलं तर उठून चालायला लागायचं, पैसे वाया गेले असं वाटत नाही, आणि एवढ्या एका गोष्टीमुळे आईवडलांची संध्याकाळ सुखाची होते. मुलांच्या कानाला लावायचे मफ मात्र न्या, विसरू नका. वेळेचंही बघा, जुलैच्या शेवटी सान सेबास्तियनला सूर्यच साडेनऊनंतर बुडतो, मोठे सेट अंधार पडल्यावरच रंगतात, म्हणजे लहान मुलाला दुपारी झोपवून आणलेलं बरं. गुडघे दुखणारे कोणी सोबत असतील, किंवा तास-दोन तास उभं राहणं जमत नसेल, तर उलट. वाळूत उभं राहणं हे सिमेंटवर उभं राहण्यापेक्षा थकवणारं असतं, अशांना ज्वां-ले-पँची खुर्ची द्या. एकटे जाणाऱ्यांना दोन्हीकडे छान वाटेल, पण बीचवर अनोळखी लोकांशी बोलणं लवकर सुरू होतं.

खर्चाचं म्हणाल तर फुकट म्हणजे ट्रिप स्वस्त असं होत नाही. दोन्ही गावं जुलैत महाग, आणि फुकट फेस्टिवलला गर्दी जास्त म्हणून सान सेबास्तियनमध्ये खोल्या फार आधी संपतात. ज्वां-ले-पँला एक फायदा आहे, नीसहून लोकल ट्रेनने साधारण अर्ध्या तासात पोचता येतं, म्हणजे राहायचं नीसला किंवा शेजारच्या अँतिबला आणि संध्याकाळी जायचं असं जमतं, फक्त रात्री परतीची शेवटची ट्रेन किती वाजता ते आधी बघा कारण कार्यक्रम उशिरापर्यंत चालतात. सान सेबास्तियनला बिल्बाओहून बसने सव्वा तास वगैरे लागतो, पण बीचवरचे सेट इतके उशिरा असतात की रोज ये-जा करणं अवघडच. तिथे गावातच राहा, थोडी लांब खोली मिळाली तरी चालेल, गाव पायी फिरण्यासारखं आहे.

फुकट ठेवणं आयोजकांना सोपं नसतं हेही सांगायला हवं. इटलीतला उम्ब्रिया जॅझ १९७३ मध्ये सुरू झाला तेव्हा सगळा फुकट होता, गर्दी इतकी वाढली की १९७८ नंतर काही वर्षं बंदच पडला आणि १९८२ मध्ये परत आला तो काही तिकिटाचं, काही फुकट असं करून. अमेरिकेत न्यूपोर्टला १९७१ मध्ये तिकीट न काढता बाहेरच्या टेकडीवर बसलेले लोक कुंपण मोडून आत घुसले, फेस्टिवल गुंडाळावा लागला आणि पुढच्या वर्षी तो न्यूयॉर्कला गेला. इतकी वर्षं झाली तरी सान सेबास्तियनमध्ये बीच फुकट राहिलाय तो नगरपालिका, स्पॉन्सर आणि त्रिनिदादची तिकिटं काढणारे लोक अशा सगळ्यांच्या मिळून राहिलाय. मला हे फार मोलाचं वाटतं. ज्या पोराला खिशात पैसे नाहीत म्हणून हॉलच्या दारात थांबावं लागलं असतं तो तिथे वाळूत उभा राहून जगातला पहिल्या फळीचा ट्रम्पेटवाला ऐकतो.

तर निवड. पहिल्यांदाच जॅझच्या वाटेला जाताय, अजून आवडेल की नाही माहीत नाही, तर सान सेबास्तियन. एका संध्याकाळी दोन-तीन स्टेज फिरता येतात, आवडलं नाही तर पुढे जायचं. वर्षानुवर्षं रेकॉर्ड ऐकताय आणि एका ठराविक कलाकारासाठीच चाललाय, तर तो जिथे असेल तिथलं तिकीट. नृत्य, सोल, मित्रमंडळी, तर बीच. आईवडलांना घेऊन निवांत दोन संध्याकाळी, तर ज्वां-ले-पँ.

ज्यांना दोन्ही थोडंथोडं हवंय त्यांनी ज्वां-ले-पँचा विचारच सोडून सान सेबास्तियनमध्ये पाचही दिवस राहावं असं मी म्हणेन. त्रिनिदादच्या यादीत जो सगळ्यात शांत, सगळ्यात अकौस्टिक (म्हणजे विजेच्या वाद्यांशिवायचा) बँड असेल त्या एका रात्रीचं तिकीट आधी काढून ठेवायचं, बाकीच्या रात्री मोकळ्या सोडायच्या, दुपारी हवामान आणि भरती बघायची आणि संध्याकाळी वाळूवर की गच्चीवर ते ठरवायचं. आणि सुट्टी लांब असेल तर ज्वां-ले-पँ बहुतेक वर्षी जुलैच्या मध्यावर आधी उरकतो आणि जॅझाल्दिया त्यानंतर लागतो, दोन्हीला एकच शेंगेन व्हिसा चालतो, मधले दिवस फ्रान्समधून पश्चिमेकडे सरकत जायला पुरतात. तारखा मात्र दरवर्षी बदलतात, म्हणून विमानाचं बुकिंग त्या जाहीर झाल्यावरच करा आणि खोली त्याच दिवशी.