मध्य रेल्वेवरचे वडापाव: सीएसएमटी ते कर्जत, 50 पैकी गुण

चौघांनी मिळून वडापावला गुण द्यायचे ठरवले की पहिलं भांडण चवीवरून होत नाही, कशाला किती गुण ठेवायचे यावरून होतं. एकाच्या मते वडा चांगला तर सगळं चांगलं. दुसऱ्याच्या मते चटणी नसेल तर तो पावात घातलेला बटाटा. म्हणून आधी तक्ता, मग खाणं. आमचा तक्ता 50 गुणांचा आहे: वड्याला 20, पावाला 10, चटणीला 10, प्रमाणाला 5 आणि गाडीच्या रीतीला 5. रीत म्हणजे तळणाऱ्याचे हात, कढईतलं तेल, पिण्याचं पाणी, आणि पैसे घेणारा माणूस वेगळा आहे की त्याच हाताने नोट आणि पाव दोन्ही धरले जातात, ते. गोड बोलण्याला गुण नाहीत. गर्दीच्या वेळी वडापाववाल्याने गप्पा माराव्यात अशी कुणाचीच अपेक्षा नसते.

रस्ता मध्य रेल्वेचा धरला, कारण हा पदार्थच स्टेशनाबाहेरचा. 1966 साली दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्यांनी वडा पावात घालून विकायला सुरुवात केली असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. सीएसएमटीपासून कर्जत शंभर किलोमीटर. यातलं एकही ठिकाण असं नाही की जिथे लोकलमधून उतरून चालत जाता येत नाही.

एका फेरीत तीनच ठिकाणं. चौथ्या वड्याला जीभ लसणीने बधिर झालेली असते आणि मग सगळ्यांनाच सात-सात गुण पडतात. कमी तिखटाकडून जास्त तिखटाकडे जायचं, मध्ये साधा पाव आणि पाणी. चहा नको, सोडा तर नकोच. प्रत्येक ठिकाणी दोन वडापाव, एक सुटा वडा आणि एक सुटा पाव. सुटं मागितलं की काही जण विचित्र नजरेने बघतात, पण "दादा, एक वडा नुसता द्या" म्हटलं की मिळतो. गुण प्रत्येकाने आपापल्या कागदावर लिहायचे आणि ते लिहून होईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. ही अट जाचक वाटते, पण "अहाहा" म्हणणारा एक जण बाकी तिघांचे दोन-दोन गुण सहज वाढवतो. एखाद्या रकान्यात तीनपेक्षा जास्त फरक आला तर पुढचा घाणा निघेपर्यंत थांबून पुन्हा खायचं.

सुटा वडा आधी दोन्ही अंगठ्यांनी मधोमध फोडायचा, चावायचा नाही. फुटताना आवरणाचा बारीक आवाज आला पाहिजे आणि आतून वाफ. कडेला पाहिलं की डाळीच्या पिठाचा थर दिसतो. तो दोन-तीन मिलिमीटरचा आणि सगळीकडे सारखा हवा. आवरण आणि सारण यांच्यामध्ये पोकळी असेल तर पिठात सोडा जास्त पडला आहे. अशा वड्याने तेलही प्यालेलं असतं. थर जाड आणि आतल्या बाजूला ओलसर पिवळा दिसला तर पीठ घट्ट झालं किंवा आच मोठी होती: बाहेरून रंग आला, आतून कच्चं राहिलं. थर इतका पातळ की बटाटा दिसतो, तर पीठ सैल. असे वडे कढईत फुटतात, सारण तेलात उतरतं, करपतं, आणि मग पुढच्या प्रत्येक घाण्याला काळे ठिपके चिकटून येतात. ठिपके दिसले की झारा नीट फिरत नाही एवढं समजून घ्यावं.

मग उरलेला अर्धा वडा टिश्यूवर मिनिटभर ठेवायचा. रुपयाच्या नाण्याएवढा डाग चालतो, तळहाताएवढा नाही. टिश्यू घरून न्यावा. वर्तमानपत्राची शाई गरम तेलात उतरते, आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2016 मध्येच त्याबद्दल बजावलं आहे.

सारणात बटाटा हाताने कुस्करलेला हवा, अधूनमधून बोराएवढी फोड लागली पाहिजे. यंत्रातून काढलेला बटाटा चिकट, गोंदासारखा होतो. आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही: सारण गोडसर लागलं तर त्यात साखर घातलेली असतेच असं नाही. शीतगृहात फार थंड ठेवलेल्या बटाट्यात पिष्टाची साखर होते आणि तो गोड लागतो. नवा बटाटा पाणी धरतो, त्याचा वडा मऊ आणि फुटका. आलं-लसूण-मिरचीचा ठेचा, हळद, हिंग, कढीपत्ता, मोहरी, कोथिंबीर एवढ्यावर वडा उभा राहतो. गरम मसाल्याचा वास आला तर आम्ही एक गुण कापतो. हा पूर्वग्रह आहे आणि आम्ही तो लपवत नाही.

पावाची परीक्षा सोपी: अंगठ्याने दाबायचा, सोडायचा. वर आला तर आजचा. दबलेलाच राहिला किंवा घडीवर तडा गेला तर कालचा. प्लास्टिकमध्ये बांधून ठेवलेली लादी घाम सोडते, तिचं वरचं साल ओलं आणि सुरकुतलेलं होतं. पाव एका बाजूने जोडलेला राहील असाच चिरलेला हवा, नाहीतर तिसऱ्या घासाला वडा मागून निसटतो. प्रमाणाचं म्हणाल तर वडा वजनाने पावाच्या दीड ते पावणेदोन पट असावा: पाव 40 ग्रॅमचा तर वडा 60 ते 70. त्याहून मोठा वडा दिसायला उदार असतो, पण शेवटी पाव संपतो आणि बटाटा हातात उरतो.

सीएसएमटीच्या समोर, कॅपिटॉलच्या इमारतीतलं आराम हे सुरुवातीला बरं, कारण तिथली तिखटाची पातळी मधली आहे. ऑफिसच्या वेळेला गर्दी इतकी की वडा कढईतून निघून थांबतच नाही, आणि वड्याची निम्मी चव तीच. दुपारी तीनच्या सुमारास गेलात तर हा फायदा जातो. हे सगळ्याच ठिकाणांना लागू आहे. 39 गुण.

दादरला पश्चिमेला छबिलदासच्या गल्लीत श्रीकृष्ण. सत्तरच्या दशकात ही गल्ली प्रायोगिक नाटकांची, आता वड्याचीही. वडा मोठा, गोल, आत बटाट्याच्या फोडी शाबूत. वड्याला आमच्या तक्त्यातले सर्वांत जास्त गुण, 20 पैकी 18. प्रमाणात मात्र गुण गेले, कारण एवढा वडा त्या पावाचं ऐकत नाही. आमचा सल्ला: इथे वडा नुसता खा, पाव सोबतीला. एकूण 40½. जागा अरुंद, उभं राहायलाही वळचण शोधावी लागते.

दादरहून वीसेक मिनिटं चाललं की कीर्ती कॉलेजजवळ अशोक वडापाव. इथे चुऱ्याबद्दल बोलायलाच हवं. वडे सोडताना हातातून निथळलेल्या पिठाचे थेंब तेलात तळले जातात. एरवी झाऱ्याने काढून बाजूला टाकायचा हा माल इथे पावात भरला जातो. चुरा चांगला असण्याच्या अटी दोन. तो त्याच घाण्याचा हवा, कारण पंधरा मिनिटांत मऊ पडतो. आणि फिकट सोनेरी हवा. तपकिरी झाला की कडवट लागतो आणि चटणीला मारतो. इथला चुरा कुरकुरीत, चटणी चढणारी, दुसऱ्या घासाला कानशिलं गरम करणारी. चटणीला 9, एकूण 41. नुसता चुरापावही मिळतो. एकाने तो जरूर घ्यावा, चौघांनी नको. अर्ध्यावरच तोंड कोरडं पडतं.

चटणीचं एकदा सांगून टाकतो, कारण क्रमवारी तिनेच ठरवली. क्रमवारीतल्या पहिल्या चार ठिकाणांत वड्याचे गुण 16 ते 18 मध्येच आहेत. सुकी लाल चटणी म्हणजे किसून भाजलेलं सुकं खोबरं, लसूण, तिखट, मीठ. घरी करून पडताळायची तर एक वाटी किसाला वीस पाकळ्या लसूण, दोन चमचे तिखट, एक चमचा मीठ. लसूण तव्यावर दोन मिनिटं कोरडी करून मगच कुटायची, ओली राहिली तर चटणीचे गोळे होतात. बिघडण्याचं पहिलं कारण खोबरं. जुनं खोबरं खवट होतं, आणि तो खवटपणा घशात मागे लागतो, जिभेवर नाही, म्हणून पहिल्या घासाला कळत नाही. दुसरं, दाण्याचा कूट घालून केलेली वाढ. चटणी जड आणि पिठूळ लागते. रंग बोटाला लागून साबणानेही जात नसेल तर तो मिरचीचा नव्हे. हिरवी चटणी पाण्यासारखी असेल तर पावाचा तळ भिजवते. चिंचेच्या गोड चटणीचा चमचा आम्ही शेवटच्या घासाला लावतो, कारण ती चांगल्याला आणि वाईटाला एकाच चवीचं करून टाकते.

म्हणूनच ठाण्याचं गजानन पहिलं आलं. नौपाड्यात विष्णूनगरला, स्टेशनापासून दहा-बारा मिनिटं. इथली पिवळी चटणी बेसनाची, सैल, तिखट, आणि ती वाटीतून घेऊन घास बुडवत खायची. ओली चटणी पाव भिजवते हे आताच म्हटलं, पण बुडवून लगेच तोंडात गेलेला पाव वेगळा आणि चटणी लावून कागदात गुंडाळलेला वेगळा. वडा आणि चटणी दोन्हींत डाळीचंच पीठ असूनही एक कुरकुरीत आणि एक मऊ, म्हणून तोंडाला कंटाळा येत नाही. चटणीला पूर्ण 10. आमच्या तक्त्यात पूर्ण गुण आणखी कशालाच नाहीत. एकूण 43. बांधून नेऊ नका, चटणी थंड झाली की घट्ट होते.

कल्याण पश्चिमेचा खिडकी वडा नावाप्रमाणेच खिडकीतून विकायला सुरुवात झालेला. सारणात मिरचीचा ठसका, वडा 17, सोबतची तळलेली मिरची मीठ लावलेली. मिरचीला वेगळे गुण नाहीत, पण एक खूण ध्यानात ठेवा: तळण्याआधी तिला उभी चीर दिलेली नसेल तर ती तेलात फुटते आणि तळणाऱ्याच्या हातावर उडते, चीर दिलेली मिरची दिसली की माणूस सवयीचा आहे. एकूण 41.

सर्वांत कमी गुण पडले ते एका झगझगीत दुकानाला. नाव देत नाही. लोण्यात परतलेला पाव, वर किसलेलं चीज, आत मेयोनेज. 27. लोणी वाईट नव्हतं, पण लोण्यात परतलेला पाव शिळा की ताजा हे कळत नाही, म्हणून सुटा पाव मागून दाबून पाहिला. तो दबलेलाच राहिला. वडा आधी अर्धवट तळून ठेवलेला आणि मागणी आली की पुन्हा तेलात सोडलेला. दोनदा तळलेला वडा ओळखायचा तर फोडून बघा: आवरण कडक, जाड, आणि बटाटा मध्यभागी कोमट.

किंमत तक्त्यात धरली नाही. गाडीवर वडापाव साधारण 15 ते 25 रुपयांना पडतो, नावाजलेल्या ठिकाणी थोडा जास्त, आणि एवढ्या फरकाने कुणी स्टेशन बदलत नाही.

कर्जतला मात्र तक्ताच बदलावा लागला. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या इथे थांबतात, कारण पुढे बोरघाटाचा 37 ला 1 असा चढ आहे आणि मागून ढकलायला जादा इंजिनं जोडावी लागतात. त्या थांब्यात दिवाडकरांचा वडा घेतला जातो आणि बराचसा खाल्ला जातो तो गाडी सुटल्यावर. म्हणजे हा वडा कढईतून निघाल्यावर पाचव्या मिनिटाला नव्हे, विसाव्या मिनिटाला कसा लागतो तेच त्याचं खरं माप. गरम असताना त्याला वड्याच्या 20 पैकी 15 पडले. पळसदरीच्या पुढे, थंड झाल्यावर, पुन्हा 15. बाकीच्या ठिकाणचे वडे इतका वेळ पुडीत ठेवून पाहिले तर प्रत्येकाचे चार-पाच गुण उतरतात, कारण बंद कागदात वाफ अडकते आणि आवरण घामेजतं. तेव्हा गाडीत खायचं असेल तर वडा, पाव आणि चटणी वेगवेगळी मागा, पुडीचं तोंड उघडं ठेवा, आणि वडा पावात घाला तो खायच्या क्षणीच. खिडकीजवळ बसला असाल तर चटणीची पुडी बोगद्याआधी उघडू नका. वाऱ्याने सुकी चटणी समोरच्याच्या डोळ्यात जाते.