ब्लॉगर : शेवळाच्या एका लेखापासून वर्षभराचा वापर

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात मी शेवळाचा, म्हणजे पावसाच्या तोंडावर येणाऱ्या एका रानभाजीचा, एक फोटो आणि ते साफ कसं करायचं याच्या चार ओळी वॉट्सॲपच्या स्टेटसला ठेवल्या होत्या. चोवीस तासांनी स्टेटस गेलं. दुसऱ्या दिवशी कल्याणहून मावशीचा फोन. "अगं, त्यातलं नेमकं काय काढून टाकायचं म्हणालीस? आता सापडत नाहीये." तिला सगळं परत सांगितलं. त्याच आठवड्यात तेच आणखी तिघींना सांगितलं. तिसऱ्या वेळी वाटलं, हे कुठेतरी एकदाच नीट लिहून ठेवावं, म्हणजे विचारणाऱ्याला नुसती लिंक पाठवता येईल.

मी मुरबाडजवळच्या एका गावची. कल्याणच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकते, आता तिसऱ्या वर्षाला जाईन. पैसे देऊन वेबसाइट घ्यायची ऐपत नव्हती आणि कोडिंग येत नव्हतं. म्हणून ब्लॉगर, म्हणजे फुकट ब्लॉग लिहायची गुगलची सोय, निवडलं. त्याला आता पूर्ण वर्ष झालं. रानभाज्यांवर एकवीस लेख झाले. नव्याने लिहायला लागणाऱ्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव लिहिते आहे.

ब्लॉगर आजचं नाही. १९९९ मध्ये पायरा लॅब्स नावाच्या छोट्या अमेरिकी कंपनीने ते सुरू केलं आणि २००३ मध्ये गुगलने विकत घेतलं. म्हणजे माझ्यापेक्षा ते वयाने मोठं आहे. मराठीत ब्लॉग लिहिणाऱ्या आधीच्या पिढीतल्या पुष्कळ जणांची सुरुवात इथेच झाली आणि त्यांचं जुनं लिखाण अजून वाचायला मिळतं. मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त भावली. दहा-बारा वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेली भारंगीच्या भाजीची कृती मी मागच्या पावसाळ्यात वाचली आणि तशी भाजी केली.

सुरुवात करायला दहा मिनिटं पुरतात. गुगलचं खातं हवं, मग ब्लॉगचं नाव, पत्ता आणि लेखक म्हणून दिसणारं नाव एवढंच द्यायचं. पत्त्याच्या शेवटी ब्लॉगस्पॉट डॉट कॉम येतं, त्याला पैसे पडत नाहीत. नाव देवनागरीत चालतं, पत्ता मात्र इंग्रजी अक्षरांतच. हवा असलेला पत्ता कुणीतरी आधीच घेतलेला असतो, तेव्हा तीन-चार पर्याय काढूनच बसावं. थीम फार नाहीत. मी सगळ्यात साधी निवडली, पांढऱ्या कागदावर काळी अक्षरं. माझ्या वाचक बहुतेक चाळिशीपुढच्या बायका आहेत आणि त्या मोबाइलवर वाचतात. त्यांना अक्षर मोठं हवं, बाकी सजावटीशी घेणंदेणं नाही.

मराठी टाइप करणं हा पहिला खरा अभ्यास होता. मोबाइलवर जीबोर्ड या गुगलच्या कीबोर्डने काम भागतं, पण लांब लेख लिहायचा तर कॉलेजच्या संगणकावर बसावं लागतं आणि तिथे इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिपींसाठीचा, कीबोर्ड होता. तो हातात बसायला मला तीन आठवडे लागले. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, ही त्याची रचना एकदा डोक्यात बसली की मग वेग येतो. त्याच काळात शेवळाच्या लेखात मी लिहिलं होतं, "आमच्या गावच्या आचार्यांनी सांगितलं". माझ्या शाळेतल्या मराठीच्या बाईंनी लेख वाचून लगेच मेसेज केला : "आचारी रांधतो, आचार्य शिकवतात. आचाऱ्यांनी असं हवं. दुरुस्त कर." मराठीत 'र'च्या जोडीला 'ऱ' हे वेगळं अक्षर आहे आणि 'ऱ्या' त्याच्यापासून होतो, हे मला हाताने लिहिताना माहीत होतं, पण कीबोर्डवर ते कुठे आहे हे माहीत नव्हतं. इन्स्क्रिप्टमध्ये 'र'च्याच बटणावर शिफ्ट दाबला की 'ऱ' मिळतो. तेव्हापासून प्रत्येक लेख टाकण्याआधी मी 'दऱ्या', 'वाऱ्यावर', 'करणाऱ्या' असे शब्द शोधून तपासते. रानभाज्यांवर लिहिताना 'दर्यात' आणि 'दऱ्यांत' यांत अख्खा सह्याद्री येतो.

दुसरी गोष्ट मी उशिरा शिकले, ती पर्मालिंकची, म्हणजे लेखाच्या कायमच्या पत्त्याची. लेखाचं शीर्षक देवनागरीत असलं की ब्लॉगर त्या लेखाच्या पत्त्यात आपोआप 'ब्लॉग-पोस्ट' असं इंग्रजीत घालतं आणि पुढे आकडा. पहिले सहा लेख मी तसेच टाकले. मग त्या सहा लिंकांमधून शेवळाची कुठली आणि कुर्डूची कुठली हे मलाच उघडल्याशिवाय कळेना. उजव्या बाजूच्या सेटिंगमध्ये पर्मालिंक स्वतः लिहायची सोय आहे. तिथे भाजीचं नाव रोमन अक्षरांत लिहावं आणि ते लेख प्रसिद्ध करायच्या आधी लिहावं. एकदा लोकांनी लिंक पाठवायला सुरुवात केली की पत्ता बदलू नये, जुन्या लिंका तुटतात. लेबलंही, म्हणजे लेख विषयवार लावायची नावं, सुरुवातीपासून ठरवून घ्यावीत. मी आधी 'पावसाळी', 'पावसाळ्यातल्या भाज्या' आणि 'पावसाळा' अशी तीन लेबलं केली होती आणि एका विषयाचे लेख तीन ठिकाणी विखुरले. एका रविवारी बसून ती एक केली.

आता शेवळाबद्दल, कारण हा ब्लॉग त्याच्यासाठीच सुरू झाला. शेवळं म्हणजे सुरणाचं रानातलं भावंड, शास्त्रीय नाव अमॉर्फोफॅलस कम्युटाटस. पहिल्या पावसाच्या आगेमागे, पान यायच्याही आधी जमिनीतून त्याचा जांभळट, तपकिरी कोंब वर येतो. मुरबाडच्या बाजारात कातकरी आणि ठाकर बाया जुड्या बांधून आणतात, सोबत काकडांचा वाटा असतो. काकड हे एका झाडाचं आंबट, हिरवं, वाटाण्याहून थोडं मोठं फळ. शेवळं नुसती शिजवली तर घसा खाजतो, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. म्हणून आंबट लागतंच : काकडं, नाहीतर चिंच किंवा आमसूल. वरचं आवरण उलगडलं की आत एक दांडा दिसतो आणि त्याच्या खालच्या बाजूला पिवळट दाणेदार भाग असतो. तो सगळा काढून टाकायचा. मावशीला फोनवर समजत नव्हतं ते हेच.

स्टेटसला ठेवलेल्या चार ओळींत हे मावणं शक्यच नव्हतं. लेखात मी पाच फोटो टाकले. अख्खं शेवळं, उलगडलेलं आवरण, दांडा, पिवळ्या भागावर ठेवलेलं माझं बोट आणि शेवटी काढून टाकलेल्या कचऱ्याची ताटली. त्या बोटाच्या फोटोबद्दल मला सगळ्यात जास्त मेसेज आले. एक सूचना : फोनमधले फोटो थेट चढवू नयेत, आधी लहान करून घ्यावेत. गावात नेटवर्क एकच काडी असतं आणि पाच मोठे फोटो उघडेपर्यंत वाचणारी बाई कंटाळून जाते.

पहिल्या दिवशी आकडेवारीत अठ्ठावन्न वाचनं दिसली. मी खूश झाले. मग कळलं की ब्लॉगर आपली स्वतःची भेटही मोजतं आणि ती मोजू नये अशी सोय आकडेवारीच्या पानावर आहे. ती चालू केल्यावर दुसऱ्या दिवशी आकडा आला अकरा. अकरा माणसांनी वाचलं हेही माझ्यासाठी खूप होतं, त्यातल्या सात जणींना मी ओळखत होते.

मैत्रिणींनी सांगितलं, रील कर. मी केलं. कोंबाचं आवरण उलगडतानाचं, वीस सेकंदांचं. दोन दिवसांत चार हजारांवर लोकांनी पाहिलं. ब्लॉगवर मात्र त्यातून नऊ जण आले. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक दाबून उघडत नाही हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ती आपल्या माहितीत, म्हणजे बायोमध्ये ठेवावी लागते, किंवा स्टोरीवर लिंकचा स्टिकर लावावा लागतो. ते केल्यावर थोडे जास्त आले. पण तिसऱ्या दिवशी रील थांबलं ते थांबलंच. लेखाचंही तेच होईल असं वाटलं. जुलैपासून मेपर्यंत शेवळाच्या लेखाला महिन्याला तीन-चार वाचनं. मी त्याच्याकडे बघणंही सोडलं होतं.

आणि या वर्षी मेच्या शेवटी, अजून पाऊस यायचा होता तेव्हा, आकडा हलायला लागला. रोज वीस, मग चाळीस. कुठून येतात हे पाहिलं तर जवळपास सगळे गुगलच्या शोधातून. जूनच्या पहिल्या आठवड्यात एका दिवशी तीनशे बारा. बाजारात शेवळं आली होती, लोकांनी जुडी घरी आणली होती आणि आता ती कशी साफ करायची हे शोधत होते. माझा लेख वर्षभर त्या आठवड्याची वाट बघत थांबला होता. रीलला आठवण नसते, लेखाला असते, हे मी त्या आठवड्यात पाहिलं. म्हणून मी आता आधी लेख लिहिते आणि मग त्याचं रील करते. रील लोकांना हाक मारायला, लेख त्यांना बसवून सांगायला.

एक वाईट अनुभवही सांगायला हवा. मागच्या ऑगस्टमध्ये लाखोंनी माणसं असलेल्या एका पानाने माझा बोटाचा फोटो उचलला. खाली लिहिलं, या भाजीने मधुमेह आणि मूळव्याध मुळासकट बरे होतात. माझं नाव नाही, काकडांचा उल्लेख नाही, पिवळा भाग काढण्याचा उल्लेख नाही. त्या रात्री मी झोपले नाही. फोटो चोरल्याचं दुःख झालंच, पण त्याहून भीती वाटली की कुणी वाचून साखरेच्या गोळ्या बंद करेल, किंवा तशीच शेवळं शिजवून घसा सुजवून घेईल. मी तीनदा लिहिलं. ब्लॉगवरच्या मूळ लेखाची तारखेसकट लिंक पाठवली तेव्हा चौथ्या दिवशी फोटो उतरला. लेखावर तारीख होती म्हणून माझं म्हणणं सिद्ध करता आलं. तेव्हापासून प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात ब्लॉगचं नाव असतं आणि प्रत्येक लेखात एक ओळ : ही भाजी आहे, आजारासाठी डॉक्टरांना विचारा. त्याच सुमारास 'ब्लॉगिंगमधून महिन्याला पन्नास हजार' असं सांगणाऱ्या एका ऑनलाइन वर्गाने माझ्या मैत्रिणीकडून दोन हजार घेतले. शिकवलं ते सगळं ब्लॉगरच्या मदत पानांवर फुकट वाचायला मिळतं. कुणी आधी पैसे मागत असेल तर देऊ नका.

मी नेमकी कुठल्या गावात राहते हे लेखात लिहीत नाही, आणि भाजी नेमकी कुठल्या माळावर उगवते हेही नाही. दुसरी गोष्ट मला आजीने शिकवली. ही आजी बाजारात मला शेवळं विकते, माझ्या नात्यातली नाही. "जागा सांगितलीस तर पुढच्या साली तिथं माती बी राहायची नाय," असं ती म्हणाली. कंद खणून नेले की ते झाड संपतं.

ब्लॉगर कुणी घ्यावं? ज्याला लिहायचं आहे आणि पैसे घालायचे नाहीत, त्याने नक्की घ्यावं. एका खात्यावर शंभर ब्लॉग काढता येतात, पण एकच काढा आणि तो चालवा. ज्याला देखणी वेबसाइट हवी, दुकान लावायचं आहे, त्याला ते अपुरं पडेल. फोनवर बोलून अडचण सोडवणारं तिथे कुणी नाही, मदत पानं वाचायची सवय लावावी लागते. सेटिंगमधून सगळ्या लेखांचा बॅकअप एका फाइलमध्ये उतरवून घेता येतो. मी दर महिन्याच्या १ तारखेला तो घेते आणि एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवते. फुकटच्या जागेत राहताना आपलं सामान बांधून तयार असावं, असं मला वाटतं.

परवा बाजारात गर्दी ओसरल्यावर मी आजीच्या शेजारी बसून तिला मोबाइलवरून लेख वाचून दाखवला. तिने सगळा ऐकला. पिवळ्या भागाचं आलं तेव्हा मान हलवली, काकडांचं आलं तेव्हा हसली. मग म्हणाली, "बरं लिवलंस बाय. पर सुकवायचं नाय लिवलंस. कापून उन्हात वाळवून डब्यात भरायची, मग दिवाळीला बी सोड्यांत घालून खाता येतात." मी तिथेच बसून लेख उघडला आणि खाली ओळ जोडली : "ता. क. शेवळं कापून, उन्हात कडक वाळवून ठेवता येतात. ही माहिती मुरबाडच्या बाजारातल्या आजींनी दिली." तिला तेवढी ओळ पुन्हा वाचून दाखवली. तिने पैसे न घेता एक वाटा काकडं माझ्या पिशवीत टाकली.