प्लास्टिकचा कॅट कॅरियर: आठ महिने आणि मुंबई-रत्नागिरीच्या पाच फेऱ्या

कॅरियर, म्हणजे मांजराला गाडीतून नेण्याचा डबा, साधाच आहे. वरचा आणि खालचा असे दोन भाग, पुढे तारेच्या जाळीचं दार, वर हँडल. माप ४८ × ३२ × ३० सेंमी. आत बसणारं मांजर साडेचार किलोचं. ते आत वळून बसू शकतं, पण ऐसपैस लोळू शकत नाही, आणि गाडीसाठी तेच बरं. 'जरा मोठा घेऊ, आरामात बसेल' असा विचार करून दोन साइझ मोठा घेतला, तर ब्रेक दाबला की मांजर आतल्या आत आपटतं.

मत आधीच सांगून टाकतो: घ्यावा, पण खोक्यातून निघाला तसा वापरू नये. खोट आहे ती हँडलमध्ये. हँडल वरच्या भागावर आहे आणि मांजर बसतं खालच्या भागात. म्हणजे उचलल्यावर सगळं वजन दोन भागांना जोडणाऱ्या क्लिपांवर येतं. या मॉडेलला बाजूंनी मिळून आठ क्लिपा आहेत. चौथ्या महिन्यात मागच्या दोन क्लिपांवर, वाकण्याच्या जागी, पांढरी रेघ उमटली. प्लास्टिक असं पांढरं पडलं की ते थकलंय, पुढे तडा जाणार हे नक्की. जिन्यात किंवा पार्किंगमध्ये तळ सुटला तर मांजर कुठल्या गाडीखाली जाईल याचा नेम नाही.

उपाय दोन. तात्पुरता म्हणजे चारही कोपऱ्यांजवळ क्लिपांशेजारी भोकं पाडून २०० मिमीचे केबल टाय आवळायचे. तोटा असा की वरचा भाग घाईत उघडायचा झाला तर कात्री लागते. डॉक्टरकडे नेमकं हेच हवं असतं: वरचं झाकण काढून मांजराला खालच्या भागातच बसवून तपासणं. म्हणून कायमचा उपाय म्हणजे काठाला भोकं पाडून चार नट-बोल्ट, खाली-वर रुंद वॉशर आणि हाताने फिरणारे पंखवाले नट. हार्डवेअरच्या दुकानात किरकोळ पैशांत मिळतात. एवढं केलं तरी उचलताना एक हात तळाला हवाच.

आता गाडीतली जागा. बहुतेक जण कॅरियर मागच्या सीटवर ठेवून हँडलमधून सीटबेल्ट ओवतात. दिसायला ठीक, पण ते हँडल उचलण्यासाठी आहे, धडकेचा झटका सोसण्यासाठी नाही. छोट्या कॅरियरची योग्य जागा म्हणजे पुढच्या सीटमागची पाय ठेवायची जागा. पुढची सीट सरकवून कॅरियर तिथे आडवा ठेवायचा आणि सीट हळूहळू मागे आणून तो घट्ट बसवायचा. हाताने हलवून पाहा; खुळखुळत असेल तर फटीत दुमडलेला टॉवेल कोंबा. बाजू डावी निवडा, कारण आपल्याकडे रस्त्याच्या कडेला गाडी थांबली की डावं दार वाहतुकीकडे उघडत नाही. जाळीचं दार मात्र गाडीच्या मधल्या बाजूला. ते गाडीच्या दाराकडे ठेवलं आणि खिट्टी नीट बसली नसेल, तर समोर थेट हायवे.

या जागेचा आणखी एक फायदा उन्हाचा. सकाळी कोकणात जाताना गाडी दक्षिणेकडे, ऊन डावीकडून. दुपारनंतर परतताना गाडी उत्तरेकडे, ऊन पुन्हा डावीकडूनच. सीटवर ठेवलेला कॅरियर दोन्ही वेळा भाजतो, खाली ठेवलेला वाचतो. तरी डाव्या काचेला जाळीचा पडदा लावा आणि कॅरियरवर जाडा टॉवेल न टाकता जुनी सुती ओढणी टाका. हवा खेळती राहते आणि बाहेरचं पळतं दृश्य झाकलं जातं. एसी २४-२५ वर, पण पायाकडचा झोत थेट जाळीवर येत नाही ना, हे हात धरून बघा. गाडी बंद करून मांजराला आत सोडून चहाला जाणं कटाक्षाने टाळा. बंद गाडीत दहा मिनिटांतच तापमान दहा अंशांच्या आसपास चढू शकतं, सावलीतही फार बरं नसतं. मांजर तोंड उघडून धापा टाकायला लागलं तर ते कुत्र्यासारखं 'नॉर्मल' नाही. लगेच थांबा, थंडावा द्या आणि आवरलं नाही तर डॉक्टर गाठा.

खाणं निघण्याआधी चार-पाच तास बंद, पाणी चालू. पहाटे पाचला निघायचं तर मध्यरात्रीनंतर काही नाही. पहिली वीस-तीस मिनिटं ओरडणं चालतं, पनवेल येईपर्यंत बहुधा शांत होतं. ओरडणं थांबून लाळ गळायला आणि ओठ चाटायला सुरुवात झाली की उलटी जवळ आली असं समजा. वेग कमी करा, वळणं सौम्य घ्या. अटल सेतूवरून जाणार असाल तर दार, खिट्टी, तळाला घातलेला शोषक पॅड, सगळं शिवडीला चढायच्या आधी बघून घ्या, कारण २१.८ किमीच्या त्या पुलावर गाडी थांबवता येत नाही. फार घाबरणाऱ्या मांजराला डॉक्टर बऱ्याचदा गॅबापेंटिन हे भीती कमी करणारं औषध देतात. ते निघण्याच्या दोनेक तास आधी द्यावं लागतं आणि आधी एकदा घरीच देऊन बघावं, काही मांजरं त्यावर झोकांड्या खातात. डोस डॉक्टरच ठरवणार, विशेषतः किडनीचा त्रास असेल तर. घरातली माणसांची गोळी अर्धी तोडून देऊ नका. पॅरासिटामॉल तर मांजराला जीवघेणं आहे.

तळाला मेडिकलमध्ये मिळणारे मोठ्या माणसांचे अंडरपॅड घाला. ६० × ९० सेंमीचा एक पॅड दुमडला की तळ भरतो, आणि पेट शॉपमधल्या पॅडपेक्षा स्वस्त पडतो. चालत्या गाडीत मांजर सहसा शू करत नाही, आठ-दहा तासही रोखून धरतं. तरी माणगाव किंवा महाडला थांबल्यावर सगळी दारं-काचा बंद, एसी चालू, हार्नेस (अंगाला बांधायचा पट्टा) घातलेला, आणि मगच जाळी उघडून सीटवर शू-शीचा छोटा ट्रे. त्यात घरच्या ट्रेमधलं वापरलेलं लिटर (शू-शीसाठीची वाळू) मूठभर टाका, ओळखीच्या वासाशिवाय ते ट्रेकडे बघतही नाही. पोचल्यावर मात्र लक्ष ठेवा. बोक्याला चोवीस तास शू झाली नाही तर ती इमर्जन्सी आहे.

धुण्यात कॅरियर सोपा, एक जागा सोडून: दोन भागांच्या सांध्यात शू मुरते, म्हणून दर वेळी तो सुटा करूनच धुवा. फिनाइल अजिबात नको, त्यातली फिनॉलसारखी द्रव्यं मांजराचं यकृत पचवू शकत नाही. साधा साबण, मग एन्झाइमवालं क्लीनर. गाडीतलं परफ्यूमही प्रवासापुरतं काढून ठेवा.

पावसाळ्यात खरी तक्रार जाळीची. वरचा लेप खिट्टीच्या पिनांवर आधी घासला गेला, मुंबईच्या दमट हवेत तिथे गंज धरला आणि स्प्रिंग अडकायला लागली. पॉलिश पेपरने घासून खोबरेल तेलाचं बोट फिरवलं की महिनाभर सुरळीत चालते. सोबत आलेली गादी जुलैतच बुरसटली, तिच्या जागी जुन्या चादरीची घडी जास्त बरी.

कापडी बॅग वजनाला हलकी आणि लिफ्टमध्ये सोयीची, पण लांबच्या प्रवासाला नाही. मांजर नाकाने चेन सरकवतं, आणि धक्का बसला की बॅग चेपते.

कॅरियर माळ्यावर ठेवू नका. झाकण काढून तळाचा भाग घरात कायम पसरलेला असू द्या, खाणं अधूनमधून त्यातच ठेवा. दोन-तीन आठवड्यांत मांजर आपणहून त्यात झोपायला लागतं. मग झाकण, मग दार, मग पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून दहा मिनिटं, मग घराजवळची एक छोटी फेरी. माळ्यावरून काढलेल्या कॅरियरमध्ये मांजर कोंबायला दोन माणसं आणि एक ओरखडा लागतो.