झॅक रायडर आणि डॅनियल ब्रायन: प्रेक्षकांनी मोठे केलेले दोघे

रायडरने २०११ मध्ये यूट्यूबवर स्वतःच्या हिमतीवर चाहते जमवले. डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कुस्ती-मनोरंजन कंपनीने (तिथे कोण जिंकणार हे कंपनीच आधी ठरवते) डिसेंबरमध्ये त्याला युनायटेड स्टेट्स चॅम्पियन केलं, जानेवारीत पट्टा काढून घेतला. पुढे कथानकात केन या पैलवानाने त्याला व्हीलचेअरसकट स्टेजवरून ढकललं. ते बघताना आजही पोटात कालवतं.

ब्रायनलाही कंपनी डावलतच होती. पण जानेवारी २०१४ च्या रॉयल रंबलमध्ये, म्हणजे तीस पैलवान एकामागून एक रिंगणात येतात त्या लढतीत, शेवटच्या तिसाव्या क्रमांकावर तो नाही, रे मिस्टेरिओ आला, आणि लाडक्या रेचीसुद्धा लोकांनी हुर्यो उडवली! कंपनीला बेत बदलावा लागला. रेसलमेनिया ३० या कंपनीच्या सर्वात मोठ्या वार्षिक कार्यक्रमात ब्रायनने एकाच रात्री ट्रिपल एचला, मग ऑर्टन-बटिस्टाला हरवलं. माझ्या मते ही दुसरी, प्रेक्षकांचं ऐकण्याची वाटच योग्य. रायडरला चॅम्पियन म्हणून निदान सहा महिने तरी द्यायला हवे होते.