साइट वर्ड्स गिरवायला काय घ्यावं: ठिपक्यांचं पुस्तक, पुसता येणारं पान, रव्याचं ताट की टॅब?

साइट वर्ड्स म्हणजे इंग्रजीत वारंवार येणारे, बघताक्षणी ओळखता यायला हवेत असे शब्द. केजीतल्या मुलासाठी ते गिरवण्याचं साहित्य घेताना एक गोष्ट आधी बघा. समोरचा नमुना झाकला की मूल तो शब्द लिहू शकतं का? गिरवून हाताला वळण लागतं. शब्द लक्षात राहतो तो अक्षरं आणि आवाज यांची सांगड बसली की. म्हणून मुलाला ठिपक्यांवरून कोऱ्या रेघेवर लवकर आणेल ते साहित्य घ्यावं.

शब्दही निवडून घ्या. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडवर्ड डॉल्च यांची अशा २२० शब्दांची यादी १९३६ सालची. आजही बरीच पुस्तकं तिच्यावर चालतात. तिच्या पहिल्या पायरीवर ४० शब्द आहेत. त्यातले बिग, कॅन, इन, इट, जंप, नॉट, रेड, रन, अप असे शब्द आवाज जोडून सरळ वाचता येतात, त्यांच्यासाठी पानं भरून घेऊ नयेत. गिरवायचे ते अडणारे: द, सेड, कम, वन, टू, यू, व्हेअर. मराठी वाचायला लागलेलं मूल जसं लिहिलंय तसं वाचायला जातं, त्यामुळे ते नेमकं इथेच अडखळतं.

ठिपक्यांचं छापील पुस्तक स्वस्त आणि सगळीकडे मिळणारं, पण एकट्याने पुरत नाही. एकच शब्द पानभर दहादा असला की मूल उभं गिरवायला लागतं: आधी सगळे एस, मग सगळे ए, मग आय. पान भरतं, पण 'सेड' हा शब्द एकदाही सलग लिहिला जात नाही. ठिपके फार जवळजवळ असतील तर मूल ठिपक्याला ठिपका जोडत बसतं आणि अक्षराला वळण येत नाही. घ्यायचंच असेल तर सुरुवातीचा ठिपका आणि बाण दाखवणारं, ओळीत ठिपके कमी कमी होत जाणारं घ्या. त्यातला लहान 'ए' हाताने काढतात तसा, गोल आणि दांडी असलेला हवा. छापील वळणाचा, डोक्यावर आकडी असलेला नको.

पुसता येणारं पान: बहुतेक घरांसाठी हेच सगळ्यात कामाचं. ए-फोर कागदावर तीन ओळी आखा. पहिलीत शब्द फिकट करड्या रंगात पूर्ण, दुसरीत प्रत्येक अक्षराचा फक्त सुरुवातीचा ठिपका, तिसरी कोरी. लहान अक्षराची उंची २ सेंमी ठेवा. झेरॉक्सच्या दुकानात १२५ मायक्रॉनचं लॅमिनेशन करून घ्या. लॅमिनेशन नको असेल तर फाइलचं पारदर्शक प्लास्टिक पाकीटही चालतं. व्हाइटबोर्ड मार्कर बारीक टोकाचा घ्या, जाड टोकाने 'ए' आणि 'ई'ची पोटं भरून जातात. शाई रात्रभर राहून चिकटली तर त्यावर त्याच मार्करने पुन्हा गिरवून लगेच पुसा, निघते.

याची एक उणीव आहे. पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने हात घसरतो आणि पेन्सिल किती दाबायची ते कळत नाही. म्हणून पानावर जमलेला शब्द त्याच दिवशी चार रेघी वहीत पेन्सिलने एकदा लिहून घ्या. देवनागरी अक्षरं शिरोरेघेला टांगलेली, इंग्रजी अक्षरं खालच्या रेघेवर बसलेली. दोन्ही लिप्या सोबत शिकणारं मूल 'वाय' आणि 'जी'ची शेपटी वरच ठेवतं. चार रेघांत ती चूक चटकन दिसते. डावखुऱ्या मुलासाठी नमुना उजवीकडे ठेवा, डावीकडचा त्याच्या हाताखाली झाकला जातो.

रव्याचं ताट: पेन्सिल अजून नीट धरता येत नसेल तर इथून सुरुवात करा. गडद रंगाचा, २-३ सेंमी काठाचा ए-फोरएवढा ट्रे आणि साधारण पाव किलो रवा, म्हणजे अर्ध्या सेंमीचा थर. थर जाड झाला की रेघ कडेने ढासळते आणि तळ दिसत नाही. पावसाळ्यात रवा ओल धरतो, तेव्हा कोरडा भाजून गार करून वापरा. रांगोळी वापरू नका, तिची पूड नाकाडोळ्यांत जाते. एका वेळी तीन-चार अक्षरांचाच शब्द मावतो.

टॅबवरचं अ‍ॅप घेण्याआधी स्वतः एक अक्षर मुद्दाम खालून वर काढून बघा. अ‍ॅपने ते बरोबर धरलं तर ते शिकवण्याच्या कामाचं नाही. चुकीची दिशा अडवणारं असेल तरी बोटाने काचेवर काढलेलं पेन्सिलीत आपोआप उतरत नाही. प्रवासात, दवाखान्यात थांबताना ठीक.

साहित्य कोणतंही असो, क्रम एकच. शब्द मोठ्याने म्हणायचा. आवाज सुटे करायचे: 'सेड'मध्ये तीन आवाज. एस आणि डी नेहमीसारखे बोलतात, मधले ए-आय वेगळे वागतात, म्हणून त्यांच्याखाली लाल रेघ. मग आवाज म्हणत दोनदा गिरवायचं, नमुना झाकायचा, एकदा न बघता लिहायचं, उघडून ताडून बघायचं. पाच-सात मिनिटांत थांबा. अडलं तर आणखी दहा वेळा गिरवायला लावू नका, चुकलेल्या अक्षराचाच आवाज पुन्हा घ्या.

आठवड्याला तीन नवे शब्द पुरेत, आणि तेही एकमेकांसारखे नकोत. 'वॉज' आणि 'सॉ' यांत तीच अक्षरं उलट क्रमाने येतात. पहिला पक्का झाल्यावरच दुसरा काढा.